स्वयंचलित घराची आखणी

(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक संमेलनात शिरूर येथे दिलेले व्याख्यान)



मंडळाच्या चालकांनी या व्यासपीठावरून बोलण्याची मला आज्ञा केली, तेव्हा प्रथम मी संकोचलो. येथे शिक्षण, वसतिगृह, विवाहखर्चाची मर्यादा अशा विषयांवर थोरामोठ्यांची व्याख्याने झालेली आहेत. माझे सारे आयुष्य तारा, मोटारी आणि स्विचबोर्ड यांच्या सहवासात गेले. तेव्हा मी बोलणार ते विजेविषयीच. परंतु चालकांनी सुचविलेला विषय अगदी आपल्या उंबऱ्यावरचा निघाला. शिरूर आणि दौंड या दोन्ही तालुक्यांत आपल्या समाजातील कितीतरी कुटुंबे नवी घरे बांधीत आहेत, जुनी दुरुस्त करीत आहेत. आणि घर 'स्मार्ट' करावे काय, करावयाचे तर कसे, असे प्रश्न मला लग्नाच्या पंगतीत गाठूनसुद्धा विचारले जातात. त्या सर्व प्रश्नांना आज एकत्र उत्तर द्यावे, असा माझा हेतू आहे.

स्वयंचलित घर म्हणजे काय, हे प्रथम थोडक्यात सांगतो. दिवे, पंखे, पाण्याची मोटार, दाराचे कुलूप, गॅसगळतीची सूचना देणारे यंत्र, इन्व्हर्टर ही साधने एका सूत्रात बांधली जाऊन वेळ पाहून वा प्रसंग पाहून आपापली कामे करू लागली, म्हणजे घर स्वयंचलित झाले. ही कल्पना तशी नवी नाही. स्कॉटलंडमधील एका कंपनीने १९७५ साली घरातील विजेच्या तारांतूनच संकेत पाठवून दिवे चालविण्याची 'एक्स-१०' नावाची पद्धती निर्माण केली. त्यानंतर नाना कंपन्यांच्या नाना पद्धती निघाल्या आणि एकीचे यंत्र दुसरीशी बोलेना. हा गोंधळ मिटावा म्हणून अनेक कंपन्यांनी एकत्र येऊन ऑक्टोबर २०२२ मध्ये 'मॅटर' या नावाचे समाईक मानक प्रसिद्ध केले.

परंतु स्कॉटलंड कशाला? आपल्या भागात स्वयंचलन दिवाणखान्यात आले नाही. ते प्रथम विहिरीवर आले. आपल्यापैकी ज्यांच्या वडिलांनी रात्रीच्या विजेवर ऊस भिजविला आहे, त्यांना हे सांगावयास नको. शेतीपंपांची वीज अनेक वर्षे पाळीपाळीने कधी दिवसा, कधी रात्री येई. मध्यरात्री उठावे, हातात बॅटरी आणि काठी घ्यावी, बांधाबांधाने विहीर गाठावी, आणि पाहावे तो वीज नाही! माझ्या वडिलांनी अशा किती खेपा घातल्या असतील याचा हिशेब नाही. अंधारात विंचूकाट्याचे भय तर होतेच. पुढे उसाच्या फडांत बिबट्याही येऊन राहिला. ऑक्टोबर-नोव्हेंबर २०२५ मध्ये आपल्याच तालुक्यातील पिंपरखेड-जांबूत भागात बिबट्याच्या हल्ल्यांत माणसे दगावली, ती जखम अजून ओली आहे. तेव्हा घरी बसून मोटार चालू करता येणे ही आपल्याकडे चैन नव्हे. पुण्याचे अभियंते संतोष ओस्तवाल यांनी हीच अडचण ओळखून मोबाइलवरून पंप चालविण्याचे 'नॅनो गणेश' हे साधन तयार केले. विहिरीवर वीज आहे किंवा नाही, हेही त्यावरून घरी कळते. २००९ साली नोकिया कंपनीच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेत त्यास पारितोषिक मिळाले. यातून घेण्यासारखा पहिला धडा असा, की खरे स्वयंचलन एखाद्या माणसाच्या खऱ्या कष्टातून जन्मास येते. दुकानातील कपाट पाहून नव्हे.

दुसरा धडाही विहिरीवरचाच आहे, आणि तो कडू आहे. मोबाइलच्या पूर्वीपासून आपल्या शेतकऱ्यांनी स्टार्टरला 'ऑटो' बसविले. वीज आली, की मोटार आपोआप सुरू होते. एकट्याच्या दृष्टीने पाहता ही उत्तम सोय; परंतु एका डीपीवरील सर्वांनीच ऑटो लावले, की वीज येताच साऱ्या मोटारी एकाच क्षणी सुरू होतात. सुरू होताना मोटार नेहमीच्या पाच ते सातपट प्रवाह ओढते. इतका भार एकदम पडला, की फ्यूज उडतो, दाब कोसळतो, वेळप्रसंगी डीपी जळते, आणि मग सर्वांचीच पिके दुसरी डीपी येईपर्यंत आभाळाकडे पाहत बसतात. म्हणून ऑटो काढा आणि कपॅसिटर लावा, असे महावितरण पुनःपुन्हा विनवीत असते. प्रत्येक यंत्र आपल्यापुरते शहाणे, परंतु सारी मिळून वेडी, असा हा प्रकार आहे. 'एकात्मिक' आखणी या शब्दाचा अर्थ मला कोणी विचारला, तर मी या डीपीकडे बोट दाखवितो. यंत्रांनी एकमेकांची आणि घरातील माणसांची कदर करावी, हाच तो अर्थ.

आता विहिरीवरून घरात येऊ. माझी थोरली बहीण, आमची अक्का, दौंडला असते. दाजी रेल्वेतून सेवानिवृत्त झालेले. मुलगा पुण्यात नोकरीला. आईवडील एकटे म्हणून त्याचा जीव तुटे; मुलगा गुणी आहे, हे मी आधीच सांगून ठेवतो. तीन वर्षांपूर्वी त्याने हौसेने घरभर मोबाइलवर चालणारे दिवे बसविले, पुढील दारास विजेचे कुलूप लावले आणि बैठकीत कॅमेरा बसविला. तीन वस्तू तीन कंपन्यांच्या, तीन अ‍ॅप, तीन परवलीचे शब्द. आणि ते सर्व मुलाच्या मोबाइलमध्ये.

अडचण पहिल्याच आठवड्यात आली. अक्का पन्नास वर्षांच्या सवयीने निजताना भिंतीवरचे बटण बंद करी. बटण बंद झाले, की दिव्याची वीजच तुटे. मग मुलाने पुण्याहून कितीही हुकूम सोडले तरी दिवा कसला लागतो! त्यावर उपाय म्हणून त्याने सारी बटणे चालू ठेवून त्यांवर चिकटपट्टी लावून टाकली. अक्का मला म्हणाली, "अरे, घर माझं, आणि दिवा लावायला पोराला विचारायचं होय?" मी हसलो. माझी चूक तेथेच झाली. मी या धंद्यातला माणूस. ते हसण्यावारी न्यावयास नको होते.

वैशाखात एके संध्याकाळी वळिवाचे वादळ झाले. वीज गेली. मध्यरात्री ती परत आली, परंतु इंटरनेट आले नाही. वीज येताच घरातील सारे दिवे एकदम पेटले. कारण वीज परतल्यावर पेटलेच पाहिजे, अशी त्या दिव्यांची मूळ योजना असते आणि ती बदलून ठेवण्याचे कोणास सुचले नव्हते. दाजी दचकून उठले. दिवे मोबाइलने विझेनात, म्हणून अक्काने मुख्य बटणच खाली ओढले. पुन्हा अंधार. त्या अंधारात न्हाणीघराकडे जाताना दाजी उंबऱ्याला अडखळले आणि त्यांचा खुबा मोडला. शेजारी धावून आले, तर दाराचे कुलूप उघडेना. त्याची साधी किल्ली पुण्याला मुलाच्या कपाटात. अखेर मागील दाराने दाजींना बाहेर काढावे लागले.

दाजी आज काठी घेऊन हिंडतात-फिरतात, ही ईश्वराची कृपा. परंतु त्या रात्री पुण्याहून निघालेला तो मुलगा दवाखान्याच्या पायरीवर बसून मला म्हणाला, "मामा, मी त्यांच्यासाठीच केलं होतं." ते खरे होते, आणि म्हणूनच मी आज आपणांपुढे उभा आहे. त्याने केले ते त्यांच्यासाठी; परंतु त्यांना विचारून केले नाही. पुढे आम्ही तेच घर नव्याने आखले. त्या अनुभवातून निघालेला क्रम आपणांस सांगतो.

पहिली गोष्ट, आखणी कागदावर करावी आणि ती माणसांपासून सुरू करावी. घरात कोण राहते, कोण किती वाजता उठते, कोणाची नजर अधू आहे, कोणाला मोबाइल वापरता येतो, कोणते काम खरोखर जड जाते, हे लिहून काढावे. अक्काशी बोललो तेव्हा कळले, की दिव्यांचे तिला काहीच ओझे नव्हते. ओझे होते ते गच्चीवरील टाकीचे. टाकी भरली का, हे पाहण्यासाठी ती दिवसातून दोनदा जिना चढे; आणि त्याविषयी तिला कोणी विचारलेच नव्हते!

दुसरी गोष्ट विजेच्या पायाची. मोडक्या वायरिंगवर महागडी यंत्रे लावणे म्हणजे वाळवी लागलेल्या वाशावर नवी कौले चढविणे होय. आधी अर्थिंग तपासून घ्यावे. माणसाला बसलेला झटका जिवावर बेतण्याआधीच वीज तोडणारे, तीस मिलिअँपिअरचे आरसीसीबी मुख्य फळीवर असावे. आपल्याकडे वादळात विजा पडतात, म्हणून दाबाच्या लाटेपासून रक्षण करणारे साधनही तेथेच बसवावे. जुन्या घरांत कित्येक स्विचबोर्डांत न्यूट्रलची तार आणलेलीच नसते आणि पुष्कळशा नव्या साधनांना तर ती लागते. म्हणून नवे घर बांधणाराने प्रत्येक बोर्डापर्यंत न्यूट्रल न्यावी, बोर्डाचे डबे खोल घ्यावे आणि इंटरनेटच्या तारेसाठी विजेपासून वेगळी नळी भिंतीत टाकून ठेवावी. बांधकामाच्या वेळी हा खर्च किरकोळ असतो. गिलावा झाल्यावर तोच डोईजड होतो.

तिसरी गोष्ट बटणांची. भिंतीवरचे बटण हे घरातील माणसाचे राज्य आहे. ते काढून घेऊ नये. भिंतीतल्या बटणामागे बसविण्याचे छोटे रिले मिळतात. ते बसविले, की दिवा बटणानेही चालतो आणि मोबाइलनेही. कोणी कोणास अडवीत नाही. अक्काच्या घरी आम्ही हेच केले. चिकटपट्ट्या मी स्वतःच्या हाताने काढल्या.

चौथी गोष्ट केंद्राची. घराचा कारभार घरातच ठेवलेल्या लहानशा केंद्रयंत्राकडून व्हावा. इंटरनेट तुटले म्हणून जिन्यातील दिवा लागणे थांबता कामा नये. साधने घेताना 'इंटरनेटशिवाय हे चालते काय?' हा एकच प्रश्न दुकानदारास विचारावा. 'मॅटर' मानकाची साधने घराच्या घरात हुकूम घेऊ शकतात आणि निरनिराळ्या कंपन्यांची एकत्र नांदतात, म्हणून शक्य तेथे ती पाहावीत. जुन्या वाड्यांच्या दगडी भिंती आणि पत्र्याची छपरे वाय-फायच्या लहरींना अडवितात. तेव्हा राउटर घराच्या मध्यावर ठेवावा आणि दूरच्या खोलीपर्यंत तार न्यावी. केंद्रयंत्र आणि राउटर यांस लहानसा बॅटरीचा आधार द्यावा.

पाचवी गोष्ट वीज जाण्याची. शहरातील विक्रेत्याच्या चित्रात वीज कधी जातच नाही; आपल्या आखणीत ती जाणारच असे धरून चालावे. प्रत्येक साधनापुढे दोन रकाने मांडावेत : वीज गेल्यावर हे काय करील, आणि वीज परत आल्यावर काय करील? दिवे परत आल्यावर विझलेलेच राहावेत, अशी योजना करून ठेवावी. फ्रीज, पाण्याची मोटार आणि वातानुकूलन यंत्र यांनी एकदम न उठता काही मिनिटांच्या अंतराने उठावे. डीपीचा धडा तो हाच. कुलपाला साधी किल्ली असावी, ती विश्वासू शेजाऱ्याकडेही असावी, आणि आतून दार कोणत्याही यंत्राविना उघडता यावे.

येथे सौरऊर्जेविषयी एक गैरसमज दूर करतो. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या 'पीएम सूर्यघर' योजनेत तीन किलोवॅटच्या छतावरील संचास ७८,००० रुपये अनुदान ठरविले आहे. त्याचा लाभ अवश्य घ्यावा. परंतु महावितरणच्या तारांशी जोडलेला साधा सौरसंच वीज गेली की स्वतःही बंद पडतो. तारांवर काम करणाऱ्या वायरमनच्या जिवासाठी तशी योजनाच असते. अंधारात उजेड हवा असेल, तर बॅटरीची व्यवस्था वेगळीच करावी लागते.

सहावी गोष्ट धोक्याच्या सूचनांची. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो, म्हणून त्याची सूचना देणारे यंत्र जमिनीलगत बसवावे. धुराचे यंत्र मात्र छताशी. गॅस गळत असता कोणतेही बटण चालू वा बंद करू नये. पंखा आपोआप लागावा अशी योजना तर मुळीच करू नये, कारण एका ठिणगीने घर जाईल. सिलिंडर बंद करावा, दारेखिडक्या उघडाव्यात, बाहेर पडावे आणि १९०६ या क्रमांकावर कळवावे. हे नियम स्वयंपाकघरात मोठ्या अक्षरांत मराठीत लिहून लावावेत.

सातवी गोष्ट सर्वांत नाजूक. बैठकीतील कॅमेऱ्यावर अक्का रोज सकाळी धुतलेला पंचा टाकून ठेवी. मुलगा म्हणे, काळजीपोटी लावला आहे. ती म्हणे, "मी काय दुकान आहे, पहारा ठेवायला?" आपल्या देशात माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ साली झाला, परंतु व्यक्तीने घरगुती कारणासाठी केलेल्या वापराला तो लागू नाही. म्हणजे मुलाने आईच्या खोलीत कॅमेरा लावला, तर तेथे कायदा पोचत नाही. तेथे फक्त संस्कार पोचतात. आम्ही कॅमेरा काढून अंगणाच्या फाटकावर नेला. घरात केवळ हालचाल ओळखणारे संवेदक लावले. ते चित्र घेत नाहीत. रात्री कोणी पलंगावरून उतरले, की न्हाणीघरापर्यंत पायाशी मंद दिवे लागतात. ते बॅटरीवरही चालतात. सकाळी आठपर्यंत स्वयंपाकघरात हालचाल झाली नाही, तर संदेश जातो. तो कोणाकडे जावा, हे अक्कानेच ठरविले : आधी शेजारच्या काकूंकडे, मग पुण्यास. "काकू दोन पावलांवर आहेत, तू यायला दोन तास लागतील," असे तिने मुलास सांगितले. इतके साधे गणित आम्हा दोघा शिकलेल्यांच्या ध्यानात आले नव्हते.

शेवटची गोष्ट खर्चाची आणि देखभालीची. सारे एकदम करू नये. पहिल्या वर्षी वायरिंग, आरसीसीबी, टाकीची मोटार आणि रात्रीचे दिवे. ते सर्वांच्या अंगवळणी पडले म्हणजे पुढचे. टाकी भरली की मोटार बंद, आणि बोअर कोरडे पडले तरी मोटार बंद, एवढी एकच सोय पुष्कळ घरांत आपली किंमत वसूल करते. विजेची बचत हवी असेल, तर सुमारे पंचाहत्तर वॅटचा जुना पंखा काढून तीस-पस्तीस वॅटचा बीएलडीसी पंखा लावणे हे कोणत्याही अ‍ॅपपेक्षा अधिक फलदायी आहे. आणि घराची एक वही ठेवावी : कोणती तार कोठे, कोणते यंत्र कधी घेतले, परवलीचे शब्द कोणते, बिघाड झाला तर सारे बंद करून साधे घर कसे चालवावे. ती वही घरातील वडीलधाऱ्यांच्या कपाटात असावी. मुलाच्या मोबाइलमध्ये नव्हे.

मंडळास माझी एक नम्र सूचना आहे. रांजणगावच्या औद्योगिक वसाहतीत एलजी, व्हर्लपूल यांच्यासारख्यांचे गृहोपयोगी यंत्रांचे मोठे कारखाने आहेत. यंत्रे आपल्या तालुक्यात तयार होतात, परंतु ती घरात नीट बसवून देणारा आणि बिघडल्यावर येणारा माणूस पुण्याहून बोलवावा लागतो. औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतून वीजतंत्री होऊन बाहेर पडणारी आपली मुले कामाच्या शोधात आहेत. मंडळाने दरवर्षी अशा दहा मुलामुलींना या विषयाचे शिक्षण देवविले, तर त्यांना पोटाचा उद्योग मिळेल आणि आपल्या वृद्धांना हाकेच्या अंतरावर जाणते माणूस मिळेल. पहिल्या तुकडीस शिकविण्याचे काम मी विनामूल्य करीन. दाजींच्या खुब्याचे ऋण माझ्यावर आहे. ते असे थोडेबहुत फेडता आले, तर मला समाधान वाटेल.

बंधुभगिनींनो, आपल्यापैकी बहुतेकांची मुले पुण्यास, पिंपरी-चिंचवडला, कोणाची परदेशी आहेत. घोडनदीच्या आणि भीमेच्या काठी उरलेल्या घरांत म्हातारी माणसे आहेत. त्यांच्यासाठी घर शहाणे करण्याची इच्छा अत्यंत योग्य आहे. फक्त एवढेच करा : यंत्र विकत घेण्यापूर्वी एक रात्र त्या घरात मुक्कामास जा. आई कोणत्या वेळी उठते, कोठे चाचपडते, कोणते बटण शोधते, ते पाहा, आणि सकाळी चहाच्या वेळी तिला विचारा, "तुला काय जड जातं?" आखणीचा पहिला कागद तिच्या उत्तराने भरेल. उरलेले काम आम्हा तारवाल्यांचे.